गोजराबाईच्या तळव्यातली मी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे दोन महिन्यांची. हसू नका, आमच्यात एवढं वय म्हणजे पिकलं पान. घणसोली गावातल्या गोजराबाईच्या उजव्या पायाच्या तळव्यात, करंगळीच्या खाली, कातडीच्या सर्वांत आतल्या थरात मी याच वर्षी, १९९४ साली, जन्मले.

आम्ही शेजारणी एकमेकींचे हात घट्ट धरून राहतो. तुम्हाला वाटेल, पडू नये म्हणून. पण तेवढंच नाही. प्रत्येक हाताच्या मुळाशी, आमच्या आतल्या बाजूला, एक निरोप्या असतो. हात धरलेला असेपर्यंत तो तिथेच गुंतून राहतो आणि आत शांतता असते. हात सुटला की तो मोकळा होतो, थेट आमच्या गाभ्यात धावतो आणि सांगतो, "शेजार गेला. सरक, वाढ."

एका सकाळी गोजराबाई कालवं काढायला खाडीत उतरली आणि धारदार शिंपेने तिचा तळवा चिरला. माझी डावीकडची शेजारीण क्षणात नाहीशी झाली. मी जखमेच्या काठावर उघडी पडले. फार भीती वाटली. पण निरोप्या धावला आणि मी पुढे सरकू लागले.

गोजराबाईला मधुमेह होता. माणसांचं बोलणं हाडांतून आमच्यापर्यंत पोचतं, त्यामुळे डॉक्टर उज्ज्वलांचे शब्द मला नीट ऐकू आले. "मावशी, दहा दिवसांत जखम भरली नाही तर करंगळी काढावी लागेल. रोज पट्टी बदला."

घरी येताच गोजराबाईने पट्टी सोडून टाकली. ती मिठागरात वाढलेली. "आमी खाऱ्या पान्यातली मानसं. खाडीचं पानी लावलं की जखम सुकते," असं तिने सुनेला, रंजिताला, ठणकावून सांगितलं. खारं पाणी लावून तिने फडकं बांधलं आणि दुसऱ्या सकाळी, जखम कितपत भरली ते पाहायला, ते वाळलेलं फडकं ओढून काढलं.

आम्ही जेमतेम नवे हात धरले होते. फडक्याबरोबर पुढची अख्खी रांग उपटली गेली. पुन्हा हात सुटले, पुन्हा निरोप्या धावला. असे सहा दिवस गेले. आम्ही वाढत होतो आणि ती उपटत होती. बोट लाल झालं, ठणकू लागलं. खरं सांगते, मला तिचा रागच यायला लागला होता.

सातव्या दिवशी रंजिता तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांसमोरही गोजराबाईने सवयीने फडकं ओढलं. डॉक्टरांनी ते उजेडात धरलं. त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी चमकत होतं.

"मावशी, हे काय आहे?"

"घान हाय."

"घाण नाही. ही तुमची नवी कातडी. रोज तुम्हीच काढताय."

गोजराबाईने ते फडकं हातात घेऊन निरखलं. मग हळूच म्हणाली, "मना कोनी सांगितलंच नाय."

आता तीनच दिवस उरले होते. इंजेक्शनं सुरू झाली. रंजिता उकळून गार केलेल्या पाण्याने पट्टी आधी भिजवायची, मगच अलगद सोडवायची. आम्ही जीव तोडून सरकत होतो. समोरचा काठ मात्र दिसेना.

दहाव्या दिवशी सकाळी एक परका हात माझ्या हाताला लागला. तो समोरच्या काठावरून आला होता. मी तो घट्ट धरला. निरोप्या हाताशी परत आला आणि आत शब्द उमटला, "थांब." मी थांबले. हा शब्द ज्या ऐकत नाहीत, त्या वाढतच जातात आणि त्यांच्या गाठी होतात.

करंगळी वाचली. पुढे माझ्या दोन पेशी झाल्या. एक तळाशी राहिली आणि मी वर वर ढकलली गेले. आता मी अगदी वरच्या थरात आहे, कोरडी आणि सैल.

आज खाडीवर जाण्यासाठी रबरी बूट घालताना गोजराबाईचं नख माझ्या कडेला अडकलं. मी श्वास रोखला. नख थांबलं.

"ऱ्हाऊ दे," ती रंजिताला म्हणाली. "आपली आपन पडंल."

मित्रांनो, मी पडेनच, त्याचं मला दुःख नाही. पण तुम्ही कधी खपली ओढायला नख लावाल, तेव्हा एवढं आठवा. खाली कुणीतरी नुकताच कुणाचा तरी हात धरलेला असतो.