आधी पाठिंबा द्या, मग वाचा

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं यावं; आजची गोष्ट हळू आवाजातली आहे, पण रिकाम्या ओंजळीनं कुणी उठणार नाही, एवढं वचन देतो.

व्यापारमंत्र्यांच्या सचिवांनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली आणि एका बोटानं तिच्याकडे ढकलली.

"एकच ओळ आहे, ताई. खोडा आणि सुटा."

ती सभागृहातली लघुलेखिका. सदस्यांच्या तोंडून पडेल तो शब्द उतरवायचा, पदरचा काना नाही की मात्रा नाही, हा तिचा बावीस वर्षांचा नेम. कुणी सकाळी देवापुढे दिवा लावतं, ती पेन्सिलींना टोक काढायची. दोन्हींत तिला फरक वाटत नसे.

आदल्या दुपारी व्यापारमंत्री तासभर गरजले होते. हा मुक्त व्यापार करार म्हणजे लोकशाही देशांची तटबंदी; त्याला नाही म्हणणारा लोकशाहीला नाही म्हणतो, सीमेवरच्या जवानाच्या पाठीत वार करतो! बाकं दणाणली. तेवढ्यात विरोधी बाजूच्या एक बाई उठल्या आणि ओरडून म्हणाल्या, "अहो, पण करार आम्हाला वाचायला कधी मिळणार?"

मंत्री उत्तरले, "आधी पाठिंबा द्या, मग वाचा."

मतदान उद्यावर आलं होतं, आणि हा वृत्तांत आज संध्याकाळी छापून घरोघर जायचा होता.

"खोडणार नाही," ती म्हणाली. "अध्यक्षांचा लेखी हुकूम आणा."

"हुकूम कशाला? साहेब तसं बोललेच नाहीत. बाकं अशी वाजत होती, की शेजारच्याचं शेजाऱ्याला कळेना. तुम्हालाच बरं ऐकू आलं! देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, ताई. खोटी नोंद ठरली तर नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर दुसरी बघेन. बोललेलं वाक्य गेलं, तर ते कुठून आणू?"

सचिव हसले आणि नानांच्या टेबलाशी गेले. नाना तिचे गुरू. निवृत्तीला वर्ष उरलेलं. प्रत्येक पाळीला दोघांनी लिहायचं आणि दोन्ही वह्या जुळल्या तरच ओळ टिकायची, असा तिथला नियम. कालची दुसरी वही नानांची होती.

"नाना, देवाला स्मरून सांगा. त्या गदारोळात तुम्हाला काही ऐकू आलं?"

"नाही," नाना म्हणाले.

तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"झालं तर मग!"

"काहीच ऐकू आलं नाही. काल नाही, परवाही नाही." नाना सावकाश उठले. "आठ महिने झाले, दोन्ही कान गेलेत. मी ओठ वाचून लिहितो. बाकं कितीही बडवा, साहेब, ओठ काही झाकले जात नाहीत." त्यांनी वही उघडून पुढं धरली. "माझ्या लघुलिपीतल्या खुणा कुणाकडूनही वाचून घ्या. आधी पाठिंबा द्या, मग वाचा."

सचिवांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते दाराकडे वळून ओरडले, "म्हणजे बहिरा माणूस इथं पगार खातोय! उद्यापासून येऊ नका!"

"तेवढं माझ्याकडे तोंड करून बोला," नाना म्हणाले. "आणि लेखी द्या."

दार आपटलं. नानांना ते कळलं नाही.

तिनं दोन्ही वह्या छातीशी धरल्या. छापखान्याकडे निघण्याआधी ती नानांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि आवाज न करता नुसते ओठ हलवून आभाराचे दोन शब्द बोलली. नानांनी मान खाली घातली.

तो करार, तो मंत्री, सगळं विसरलात तरी चालेल, मायबाप. पण देवापुढे हात जोडाल, तेव्हा क्षणभर त्या नानांची आठवण काढा.