‘म’वरून मंजूर

संचालकांनी छापील कागदांची जाडजूड चवड टेबलावर ठेवली आणि तळातलं पान ओढून बेबीपुढे सरकवलं. पानाच्या शेवटी एकच शब्द होता: पटलं.

“एवढं मोठं रामायण, आणि त्यात नवीन काय, तर पटलं!” ते हसले. “बाई, याला काही अर्थ आहे का?”

बेबीशेजारी बसलेला तिचा दादाही हसला. मोठ्या माणसाने विनोद केला की हसून घ्यावं, हे त्याचं साधं शास्त्र होतं.

बेबी हसली नाही. चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. दिवसा मोजणी कचेरीत नकाशे काढायची आणि संध्याकाळी ‘अडखळ’ सांभाळायची. अडखळ म्हणजे तोतरं बोलणाऱ्यांची ईमेल यादी. एका पत्त्यावर लिहायचं, ते सगळ्या सभासदांना जायचं, उत्तरही सगळ्यांनाच. फोन वाजला की तो दुसऱ्याच्या हातात देणारी माणसं तिथे पानंच्या पानं बोलत, कोट्या करत, कडाकडा भांडतही. यादी ज्या संगणकावर चालायची ते यंत्र या वाचा-उपचार संस्थेच्या तळघरात होतं. त्यामुळे संस्थेला अधूनमधून सुधारणेचा उमाळा येई.

या वेळची सुधारणा सोपी होती. उत्तर देताना मागचं पत्र आपोआप कापलं जाणार, फक्त पहिल्या तीन ओळी राहणार.

“सगळीकडे हाच शिष्टाचार आहे,” संचालक म्हणाले. “मागचं कापायचं, मुद्द्याचं लिहायचं. तुमच्याकडे सगळं उलटं. मागचं पत्र कापाल तर खबरदार! हा नियम केला तरी कोणी?”

नियम बेबीनेच केला होता. यादी नवी असताना एका बस कंडक्टरने लिहिलं होतं की, जन्मभर लोक माझं वाक्य मध्येच तोडून स्वतःच पुरं करतात, इथे तरी तसं करू नका. तेव्हापासून अडखळवर कोणी कोणाचं अक्षर कापत नसे. समोरच्याचं सगळं म्हणणं वर ठेवायचं आणि त्याखाली आपलं लिहायचं. कंडक्टर मुद्द्यावर यायला फार वेळ लावी. आधी हवामान, मग बसचा गिअर, मग बायकोची कंबर, आणि अगदी शेवटी, आज मुलीच्या शाळेत उभा राहून दोन वाक्यं बोललो. पहिल्या तीन ओळी ठेवल्या असत्या तर त्याचं नुसतं हवामान उरलं असतं. ते ‘पटलं’ त्याच्याच पत्राखाली होतं.

“ते जाऊ दे. तुमची संमती लिहून घेतो,” संचालकांनी पेन उघडलं. “नाहीतर महिनाअखेर यंत्र बंद करावं लागेल. माझाही नाइलाज आहे. बोला.”

बेबीने मान वर केली. “मला हे म… म… म…”

“मंजूर आहे, सर,” दादा म्हणाला.

हे तो लहानपणापासून करत आला होता. दुकानात, दवाखान्यात, इतकंच काय, तिच्या नोकरीच्या मुलाखतीतही तोच बोलला होता. तिला ठसका लागल्यावर पाठीवर थोपटावं, तसं तो तिचं वाक्य पुढे ढकली. त्यात माया होती, याबद्दल बेबीला कधी शंका आली नाही. म्हणून तर तो चुकला की ती आपलंच म्हणणं बदलून घेई.

संचालक कागदावर वाकले. माणसांना बोलतं करणं हेच त्यांचं काम. पण दिव्याखाली अंधार असतोच.

बेबीने कागदावर हात ठेवला, अख्खा पंजा. पेन तिच्या करंगळीला टेकून थांबलं.

“मा-माझं वाक्य सं-संपलं नाही.”

दादा चपापला. “अगं, मी तेच तर…”

तिने दुसरा हात त्याच्यापुढे धरला.

“सावकाश,” संचालक मऊ आवाजात म्हणाले. “श्वास घ्या. अवघड शब्दाला वळसा घालायचा. शिकवलंय ना आपण?”

शिकवलं होतं. वळसा तयारही होता. ‘पसंत नाही’ अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिने ते गिळून टाकलं. तिला हाच शब्द हवा होता, याच खोलीत, या दोघांसमोर. वळसे घालून घालून ती दमली होती आणि आता तिला चांगला सणसणीत राग आला होता.

“मला हे म…”

पंखा फिरत राहिला. संचालकांनी पेनला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दादाचे ओठ तिच्याबरोबर ‘म’साठी मिटले ते तसेच राहिले. दारात फाइल घेऊन आलेल्या कारकूनबाई आल्या पावली परत गेल्या. बेबीने नजर खाली घातली नाही. ज्यांना अवघडल्यासारखं होत असेल, त्यांना खुशाल होऊ दे.

“…म-मान्य नाही.”

संचालकांनी सुस्कारा सोडला. “मग यंत्र बंद होणार. एवढ्या सगळ्या माणसांचा विचार करा.”

“त्यांचाच क-करतेय. आमचं आम्ही ब-बघू. घरच्या जुन्या संगणकावर चालवू. पण का-कापणार नाही.” तिने ती चवड उचलून छातीशी धरली आणि ती उठली.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलात दोघं समोरासमोर बसले. दादाचा चेहरा उतरला होता.

“तोंडघशी पाडलंस मला,” तो म्हणाला. “मी तुझ्यासाठीच बोलतो ना?”

“हो,” बेबी म्हणाली. ‘हो’ तिला कधीच अडत नसे. सगळा घोटाळा तिथेच होता.

वेटर आला. दादाने सवयीने दोन बोटं वर केली. “दोन च…” म्हणता म्हणता तो थांबला. बोटं हवेतच राहिली. मग त्यातलं एक मिटलं. “एक चहा,” तो म्हणाला आणि त्याने बेबीकडे पाहिलं.

“क… क…”

“केक?” वेटर म्हणाला. “केक संपलाय.”

“थांबा हो जरा!” दादा त्याच्यावर खेकसला. “ती सांगतेय ना?”

वेटर थांबला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तशी दादाने त्यांच्याकडे बघून डोळे वटारले.

“क-कॉफी,” बेबी म्हणाली.

वेटर गेला. दादा मिठाची बाटली गोल गोल फिरवत बसला.

“तुला कॉफी आवडते?”

“हो.”

“आणि चहा?”

“क-कधीच नाही.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

उत्तर लांबलचक होतं. बेबीने कागदांची चवड बाजूला सारली, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं.