सुळेवाल्याचे डोळे

"शेपूट कापा," उल्का म्हणाली.

तिचा रिपोर्ट आला त्याच दुपारची गोष्ट. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. दवाखान्यातून आम्ही रिक्षाने थेट कसब्यातल्या आमच्या कारखान्यात आलो.

आम्ही नवराबायको कागदाच्या लगद्याच्या मूर्ती करतो. अंग मी घडवतो, रंगवतो. डोळ्यांची आखणी उल्काची, आणि ती सगळ्यांत शेवटी. बत्तीस वर्षं हेच. यंदा मुलांच्या एका संग्रहालयाने नामशेष झालेल्या सुळेवाल्या जनावराचा पुतळा सांगितला होता. देवीच्या वाघाला लावतो तसं लांब शेपूट मी हाताच्या सवयीने लावून ठेवलं होतं.

"वाघाला शेपूट नको?"

"हा वाघ नाही, याचं शेपूट आखूड. संग्रहालयातल्या तनयाने दिलेले कागद वाचलेत, की नुसते खिडकीला लावलेत?"

खिडकीलाच लावले होते. ऊन यायचं.

मी करवत घेतली. तिने कागद काढून वाचायला सुरुवात केली. हा अमेरिकेतला. दबा धरायचा, भल्यामोठ्या जनावरांना पुढच्या पायांनी दाबून धरायचा. सुळे वीतभर, पण हाडावर आपटले तर मोडायचे. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हवा बदलली, माणसं आली, मोठी जनावरं संपली. मग हाही संपला. नेमका कशाने, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

"हे ऐका. मोडून पुन्हा जुळलेली हाडं सापडलीत. शिकार जमत नसतानाही ती जनावरं जगली. बाकीचे त्यांना खाऊ देत असावेत, असं काहींना वाटतं."

करवत थांबली.

"तुम्हाला कुकर तरी लावता येतो का?" तिने विचारलं.

"शिकेन."

"कापा मग."

शिकलो. भात दोनदा करपला, तिने तसाच खाल्ला.

दिवाळीनंतर तनया आली. "काकू, डोळ्यांचा कलर कोणालाच माहीत नाही. हाडांवरून कळत नाही. तुम्हीच ठरवा."

"ठरवलाय," उल्का म्हणाली. कोणता, ते सांगितलं नाही.

तनया गेल्यावर मी म्हटलं, "आत्ताच आखून टाक. हात चालतोय तोवर."

"आधी अंग पुरं करा. अर्धवट जनावराला बघायला लावायचं नाही."

अंग चार दिवसांत पुरं झालं असतं. माझ्या मनात एक खूळ शिरलं. डोळे बाकी आहेत तोवर ती जाणार नाही, असं वाटायला लागलं. मी रोज कारखान्यात जायचो आणि पाठ घासत बसायचो.

"अहो, किती घासणार? कातडं निघेल त्याचं."

"खड्डे आहेत अजून."

खड्डे नव्हते. तिलाही ते कळलं असणार. तिने पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती गेलेली होती.

महिन्याने तनयाचा फोन आला. "काका, दुसऱ्या कोणाकडून आखून घेऊ का? आणि कलर… काकू काही बोलल्या होत्या?"

"नाही," मी म्हणालो.

त्याच दिवशी पाठीवरचा शेवटचा रंग दिला. तिचा बारीक कुंचला धुऊन ठेवला आहे. सुळेवाला दारापाशी उभा आहे. अंग पुरं झालं. डोळे राहिले आहेत.