माती सरांना घेईना

प्राध्यापक मेनेलाओस त्सिलीरास विरघळले नाहीत.

असं काही घडलेलं नाही. विद्यापीठात आमच्या इतिहास विभागाच्या बैठकीत तसा ठराव झालाय आणि मीच तो सुवाच्य अक्षरात लिहून काढलाय: ‘पावसामुळे अस्थी काढण्याचा कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला.’ त्या दिवशी ग्रीसमधल्या आमच्या यान्निना शहरात असं ऊन होतं की दफनभूमीतली मांजरं कबरींच्या दगडावर पाय टेकत नव्हती. पण ठराव म्हणजे ठराव. तेव्हा काही घडलेलंच नाही असं धरून पुढचं वाचावं.

आमच्याकडे कबर कायमची मिळत नाही. शहरात जागा कमी, मेलेले फार. तीन वर्षं झोपायचं, मग घरचे येतात, हाडं वर काढतात, लाल वाइनने धुतात, पेटीत ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. या व्यवस्थेत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, मेलेल्याने सहकार्य करायचं. हाडं पिवळीधमक, स्वच्छ निघाली की बायका म्हणतात, सुटला बिचारा. हाडांच्या जागी माणूसच निघाला तर कोणी काहीच म्हणत नाही. ते जास्त वाईट.

आणि सर तर चांगले होते. बायझंटाइन साम्राज्याची हजार वर्षं ते अशी शिकवायचे, जणू ते साम्राज्य त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहत होतं. कोणत्या सम्राटाने कोणत्या भाच्याचे डोळे काढले हे सांगताना आवाज खाली आणायचे, शेजारी ऐकतील म्हणून. मे महिन्याच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपल पडण्याचा तास असायचा. त्या तासाला सर रडायचे. दरवर्षी, त्याच वाक्याला. आम्ही रुमाल घेऊन जायचो. डोळे पुसून झाले की लगेच म्हणायचे, “कागद काढा, चाचणी आहे.”

मी सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून आलो आणि आता शिकायचं नाही, मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं असं ठरवलं, तेव्हा सर दुकानात आले. चारही टायर ठणठणीत असलेली गाडी घेऊन. “हवा भर,” म्हणाले. मी हवा भरत असताना त्यांनी माझा अर्धवट प्रबंध मोठ्याने वाचायला घेतला. गिऱ्हाइकं जमली. थोड्या वेळाने मामा हात जोडून म्हणाला, “बाबा लाझारोस, जा तू विद्यापीठात. इथे माझा धंदा बसेल.”

तर अशा माणसाला वर काढायला आम्ही गेलो. त्यांची बायको पोलिक्सेनीबाई, पाप्पा-स्तेरियोस हे पाद्री, कबर खोदणारा झिसिस आणि मी. बाईंच्या हातात वाइनची बाटली आणि नवा कोरा टॉवेल होता.

“तुझं नाव काय रे पोरा?” पाप्पांनी विचारलं.

“लाझारोस.”

ख्रिस्ताने कबरीतून उठवलं त्याचं नाव. पाप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग कबरीकडे बघितलं. “तू जरा त्या सुरूच्या झाडापाशी उभा राहा.”

झिसिसने फळी उचलली आणि सर दिसले. कोट, टाय, सगळं जागच्या जागी. निवृत्तीच्या समारंभात दिसले होते त्याहून बरे दिसत होते. भुवया किंचित वर, एखाद्याचं उत्तर चुकल्यावर व्हायच्या तशा.

“मेने,” बाई म्हणाल्या, जेवायला उशीर करणाऱ्या नवऱ्याला म्हणावं तसं, “अरे, हे काय?”

“अँटिबायोटिक,” झिसिस म्हणाला. जगातल्या सगळ्या बिघाडांचं हेच कारण आहे असं त्याचं मत होतं. त्याच्या मेव्हण्याचा घटस्फोटसुद्धा त्यातूनच झाला होता.

पाप्पांनी मान हलवली. “कोणीतरी याला क्षमा केलेली नाही. कोणाचा तरी राग मागे राहिलाय, तो याला सोडत नाही. कोणाशी भांडण वगैरे होतं का?”

“पाप्पा,” बाई म्हणाल्या, “तो प्राध्यापक होता.”

सरांना दफनभूमीच्या मागच्या भिंतीपाशी हलवून पुन्हा पुरलं. न विरघळलेल्यांना तिथे आणखी एक संधी मिळते. विद्यापीठाच्या भाषेत, फेरपरीक्षा.

परतताना बाईंनी माझा दंड धरला. “आम्हाला मूल नाही, लाझारोस. मी आहे तोवर तो सुटला तर मी त्याला धुईन, पेटीत ठेवीन, माझी पेटी त्याच्या शेजारी. मी आधी गेले तर त्याला कोण धुणार? झिसिस? तो पाइपाने धुतो.”

“मी आहे ना, बाई.”

“तुला कपबशी धड विसळता येत नाही.”

म्हणून मी क्षमा गोळा करायला निघालो. सरांनी ज्यांना ज्यांना दुखावलं होतं, त्यांनी कबरीपाशी येऊन ‘क्षमा केली’ म्हणायचं होतं. बहुतेकांनी लगेच केली. सरांनी आपल्याला दुखावलं होतं हे एकदोघांच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं, ते ऐकून नव्याने दुखावले आणि मग केली. उरले प्राध्यापक आगिसिलाओस देमेर्त्झिस. त्यांच्या आयुष्यभराच्या ग्रंथावर सरांनी एकाच वाक्याचं परीक्षण लिहिलं होतं: ‘पुस्तकाची पुठ्ठाबांधणी उत्तम आहे.’

“आधी त्याने ते वाक्य मागे घ्यावं,” देमेर्त्झिस म्हणाले.

“सर, ते वारले.”

“ती त्याची जुनी खोड. उत्तर द्यायची वेळ आली की पसार.”

पण आले. भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले, टोपी छातीशी धरून. “क्षमा केली रे गाढवा,” म्हणाले, आणि एवढे रडले की त्यांना झिसिसच्या खोलीत नेऊन बसवावं लागलं. झिसिसने त्यांना कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं.

दोन उन्हाळे गेले. दुसऱ्यांदा उघडायचा दिवस आला. त्या भागातली माती इतकी कोरडी होती की कुदळ मारली की धूळ उडे. आजूबाजूच्या कबरींवर गवत वाळून काड्या झालं होतं. सरांच्या कबरीवर गवत नव्हतंच. होतं ते शेवाळ.

“बाजूला नळ आहे का?” मी विचारलं.

“नाही,” झिसिस म्हणाला. पहिल्यांदाच त्याला अँटिबायोटिकचं कारण पुरेना.

फळी उचलली तेव्हा कडेने हिरवं पाणी ओघळलं. खोल, जुन्या पाण्याचा वास आला. सर त्यात पडलेले होते, ओठ मिटून, भुवया तशाच. टायच्या गाठीपाशी बोटाएवढा एक मासा तडफडत होता. दफनभूमी डोंगराच्या उतारावर आहे. आसपास झरा नाही, ओढा नाही, कोणाची बागसुद्धा नाही.

पुरताना सरांच्या छातीवर संताचं चित्र ठेवून त्यावर हात बांधले होते. आता उजवा हात सुटला होता आणि तळवा वर करून पसरला होता. कोणीतरी त्यावर काही आणून ठेवणार आहे, अशा बेताने.

पाप्पांनी क्रूसाची खूण केली आणि ते मागे सरले. सरता सरता शेजारच्या कबरीवर बसले, तिथे पुरलेल्या बाईंची माफी मागून.

पोलिक्सेनीबाई मात्र वाकल्या, बोटं पाण्यात बुडवली, नाकाशी नेली. “हे व्हाथिरेमाचं पाणी आहे,” म्हणाल्या. “माझ्या गावाचं.”

मग त्यांनी सांगितलं ते तसं आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त कोणी ते घाबरण्यासारखं मानलं नव्हतं. व्हाथिरेमाच्या दरीत धरण झालं तेव्हा बाईंचं गाव बुडालं आणि गावामागचा मठही. साधू आधीच निघून गेले होते. सर तेव्हा विद्यार्थी. पाणी मठाच्या उंबऱ्याला लागलेलं असताना ते आत शिरले, वाचताना पुस्तक ठेवायच्या लाकडी घोडीवर राहून गेलेलं हस्तलिखित उचललं, मेणकापडात गुंडाळलं आणि बाईंच्या वडिलांच्या खेचरावरून पळवलं. खेचर बाईंनीच धरलं होतं. त्यातून लग्न झालं. त्या पुस्तकावर सरांचं सगळं आयुष्य उभं राहिलं, आणि सरांच्या मागे माझा प्रबंध.

आता आमच्याकडे जुन्या पुस्तकांच्या शेवटी ती हाताने उतरवणारे लेखनिक चोराला शाप लिहून ठेवत. या पुस्तकातही होता. सर तो पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला वाचून दाखवायचे: ‘जो हे पुस्तक या मठातून बाहेर नेईल, मग तो चोर असो, राजा असो की मित्र, त्याला माती न खावो, जोवर ते उचलल्या जागी परत ठेवलं जात नाही.’ मग चष्म्यावरून बघत म्हणायचे, “मित्रालासुद्धा सोडलेलं नाही. या माणसाने कोणाला तरी पुस्तक वाचायला दिलं असणार.” वर्ग खो खो हसायचा. मीही हसलो होतो. पुढच्या बाकावरून.

संध्याकाळी विभागाची बैठक झाली आणि त्या दिवशी पाऊस पडला असं ठरलं. बाई बैठकीबाहेर बाकावर बसल्या होत्या.

“आण ते,” मला म्हणाल्या.

पुस्तक विभागाच्या काचेच्या कपाटात होतं आणि किल्ली माझ्याकडे होती. मी ते पालकाच्या पाईखाली, बेकरीच्या पिशवीत घालून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई, पाप्पा आणि मी व्हाथिरेमाच्या जलाशयावर पोचलो. तिथे एकच होडी भाड्याने मिळते. ती राजहंसाच्या आकाराची असते आणि पायांनी चालवायची असते.

काळ्या कपड्यांतली विधवा, काळ्या झग्यातले पाद्री आणि पुढे पांढऱ्या प्लास्टिकची लांब मान. काठावर आइस्क्रीम खाणाऱ्या एका कुटुंबाने आम्हाला हात केला. नंतर त्यांनीच तो खाली घेतला.

“त्या कड्याची सावली संपते तिथे होता मठ,” बाई म्हणाल्या. मी पायडल थांबवलं. वारा नव्हता. पाण्यावर पक्षी नव्हता. काठावरचे आवाज दार लावल्यासारखे बंद झाले.

बाईंनी पुस्तक पाण्यावर धरलं.

“पोलिक्सेनी,” पाप्पा हळूच म्हणाले, “शापात ‘ठेवलं’ असं आहे. बुडवणं म्हणजे ठेवणं नव्हे.”

“एखादा पाणबुड्या लावू.”

“आत छतापर्यंत गाळ आहे. घोडी कुठली शोधणार तो?”

“निदान घरी तरी जाईल ते. कदाचित तेवढ्यावर भागेल.” त्यांनी पिशवी आणखी खाली नेली. “माझ्याकडे काय फार वेळ आहे का, पाप्पा? हे सोडलं तर कदाचित तो सुटेल. मी त्याला धुईन.”

मी होडी स्थिर धरली. माझा प्रबंध, सरांचं आयुष्य आणि एका अनामिक माणसाचं नऊशे वर्षांपूर्वीचं अक्षर बेकरीच्या पिशवीसकट पाण्यावर लोंबकळत होतं, आणि निर्णय त्यांचा होता.

“बाबांनी खेचरासाठी मला किती मारलं होतं,” बाई म्हणाल्या. “आणि हा रात्रंदिवस या पुस्तकाशी बोलत बसायचा. मला सवत वाटायची ही.” खूप वेळाने त्यांनी हात मागे घेतले. “मी हे सोडलं तर तो विरघळेल. पण मग त्याने काय केलं जन्मभर? धर रे. धर लवकर, नाहीतर मी टाकीन.”

मी धरलं. त्या क्षणी होडीच्या खालून बुडबुडे यायला लागले. एकाच जागेवरून, सावकाश, कोणी खाली दार उघडून घर हवेशीर करत असल्यासारखे. कबरीतला तोच वास आला. पाप्पा प्रार्थना पुटपुटू लागले आणि शब्द विसरले. मी त्यांना आठवण करून दिली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं.

“लाझारोस,” त्या म्हणाल्या, “आत्ता आपण कुठे आहोत?”

“मठाच्या वर.”

“म्हणजे मठातच. आणि पुस्तक कोणाच्या हातात आहे?”

मी पुस्तक पाप्पांपुढे केलं. पाप्पांनी दोन्ही हात बाह्यांत घातले.

“होडीत ठेवतो,” मी म्हणालो.

“होडी कोण चालवतंय?” बाईंनी विचारलं.

पाप्पांनी पायसुद्धा पायडलपासून लांब, झग्याखाली घेतले. मग भाड्याने होडी देणाऱ्याने काठावरून शिट्टी मारली, आणि मी पायडल मारायला सुरुवात केली. पायडल जड लागत होतं. काठाला लागेपर्यंत कोणी मागे बघितलं नाही.

सर मागच्या भिंतीपाशी आहेत. कबर पुन्हा बुजवलीय. झिसिस सांगतो की ती ओलीच असते, आणि आता तो औषधांचं नाव काढत नाही. बाई रोज जातात, हल्ली काठी घेऊन. पुस्तक कपाटात आहे. कपाटाच्या काचेला आतून ओल धरलीय. मी आज सकाळी पुढील अर्ज पोच घेऊन दाखल केला.

प्रति,
मा. मुख्य अभियंता, व्हाथिरेमा धरण.

विषय: जलाशय एक दिवस रिकामा करून मिळण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, दिवंगत प्रा. मेनेलाओस त्सिलीरास यांनी आपल्या जलाशयाच्या तळाशी असलेल्या मठातून एक पुस्तक वाचवण्याच्या हेतूने बाहेर नेले असून ते मूळ जागी ठेवल्याखेरीज त्यांचे विघटन होणे शक्य दिसत नाही. सबब जलाशयातील संपूर्ण पाणी एका दुपारपुरते सोडून देण्यात यावे. गाळ अर्जदार स्वखर्चाने उपसेल. पुस्तक ठेवून त्याची छायाचित्रे घेतल्यावर पाणी पूर्ववत भरण्यास अर्जदाराची हरकत नाही. श्रीमती पोलिक्सेनी त्सिलीरा यांचे वय पाहता सदर कार्यवाही त्यांच्या हयातीत व्हावी. तसेच अर्जदारानेही ते पुस्तक सदर मठाच्या हद्दीतून बाहेर नेलेले असल्याने अर्जदाराचे नाव याच आदेशात समाविष्ट करावे, जेणेकरून आपणास पुढे दुसऱ्यांदा पाणी सोडावे लागणार नाही, ही नम्र विनंती.