कावडभर वाटा

मी कावड बोलतेय. देवाला पाणी घालायला नेतात ती नव्हे. शेण, कोंबडीखत आणि माती वाहणारी. जवळ आलात तर वास येईल. त्याची मला लाज नाही. ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांच्याबद्दल बोलायलाच मी तोंड उघडलंय. मी चिडलेली आहे हे आधीच सांगून ठेवते. गोड गोड ऐकायचं असेल तर पुढच्या घरी जा.

माझा जन्म जावाच्या डोंगरातला. सिवातू नावाचं आमचं गाव इतकं उंचावर की दुपारनंतर धुकं खालून वर येतं आणि माणसं सारोंग डोक्यावरून ओढून चुलीपाशी बसतात. झऱ्याकाठच्या बेटातला मी एक जाड वेळू. कार्सो नावाच्या शेतकऱ्यानं मला हेरून ठेवलं होतं. पण त्यानं घाई केली नाही. पाऊस सरून कोरडे दिवस लागेपर्यंत थांबला, कारण ओल्या दिवसांत कापलेल्या वेळूला कीड लागते.

मग मला उभं चिरलं, कोयत्यानं तासलं, आणि चुलीच्या वर धुरात टांगून ठेवलं. किती दिवस टांगलं होतं कोण जाणे! उतरवलं तेव्हा मी चहासारखी तांबडी झाले होते. दोन्ही टोकांना दोर घसरू नये म्हणून खाचा पाडल्या, दोन टोपल्या अडकवल्या, आणि कार्सोनं मला खांद्यावर घेऊन अंगणात दुडक्या चालीनं एक फेरी मारली. मी लवले, कुईऽ कुईऽ वाजले. "झाली तयार!" तो म्हणाला. बायकोनं हसून चुलीतलं लाकूड सारलं. तेवढंच काय ते माझं बारसं.

आता वावराची गोष्ट ऐका, कारण सगळं भांडण त्याचंच आहे.

गावाच्या वरच्या अंगाला कार्सोच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे नुसता खडक. "शेळीसुद्धा तिथून घसरून पडेल," असं लोक म्हणायचे. कार्सोनं दगड रचून तिथे एकाखाली एक अशा तीन पायऱ्या बांधल्या. पण पायऱ्यांवर माती कुठून यायची? खाली ओढ्यापाशी दरड कोसळून काळीभोर माती साचली होती. तीच आम्ही वर न्यायला लागलो. टोपल्या भर, चढ, ओत, उतर, पुन्हा भर. दर पावसाळ्यात थोडी माती वाहून खाली जायची आणि आम्ही तीच उचलून पुन्हा वर न्यायचो. शेत पिकवतात म्हणे लोक! आम्ही तर शेत वाहून आणलं.

पहिली पायरी भरली नव्हती तोच कार्सोची बायको तापानं गेली. पुढच्याच वर्षी बांधाचा दगड निसटून कार्सोच्या गुडघ्यावर आला. तो गुडघा पुन्हा वाकला नाही. घरात दोन पोरं. थोरली पोनिरा आणि धाकटा सुपार्मो. सुपार्मो शाळेत राहिला. पोनिराची शाळा सुटली. का, ते विचारू नका. विचारायची कुणाला गरजही वाटली नाही.

आमच्याकडे बायका कावड घेत नाहीत. त्या पाठीवर टोपली ठेवून ती कापडाच्या झोळीनं छातीशी बांधतात. पोनिराही आधी तसंच करायची. काही दिवसांनी तिनं झोळी काढून बापापुढे टाकली.

"बापाक, अशी एकेक टोपली नेत बसले तर मी म्हातारी होईन आणि वावर रिकामंच राहील. कावड दे."

"लोक हसतील, पोरी."

"हसू देत की. त्यांची माती मी वाहत नाहीये."

लोक हसलेच. शेजारची म्हबा गिनुक, म्हणजे गिनुक आजी, तेव्हा धडधाकट होती, दारात सोयाबीनचे तेंपे तळत बसायची. ती ओरडली, "अगं पोनी, कावड घेतलीस, आता मिशा कधी फुटतायत?" पोनिरा चालता चालता म्हणाली, "फुटल्या की आधी तुलाच दाखवीन." बाई मनापासून हसली आणि गरम तेंप्याचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

कार्सोनं मला मांडीवर घेतलं आणि मधोमध, जिथे खांदा येतो तिथे, कोयत्यानं हळूहळू तासलं. पोनिराला जवळ बोलावून दोनदा मापून पाहिलं. माझ्या पोटातली ती खोलगट जागा पोनिराच्या डाव्या खांद्याची आहे. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मी नीट बसतच नाही.

त्या खांद्यावर मी किती पावसाळे काढले ते मोजलं नाही. तिच्या खांद्यावर आधी फोड आले, मग ते फुटले, मग लिंबाएवढी गाठ झाली. तीन पायऱ्या भरल्या. मका गेला, बटाटा आला. त्याच बटाट्यावर सुपार्मो शिकला, सेमारांग शहरात गेला, तिथे टायरचं दुकान टाकलं, लग्न केलं. ईदेला बिस्किटांचे डबे घेऊन यायचा. वाईट माणूस नव्हता हो, हसरा होता. घरावर पत्रेही त्यानंच घातले. पण एकदा त्यानं मला खांद्यावर घेऊन बायकोकडून फोटो काढून घेतला. टोपल्या रिकाम्या! आणि चेहऱ्यावर मात्र असा भाव की सगळा डोंगर ह्यानंच वाहिलाय. मी तेव्हाच त्याला एक सणसणीत कुसळ टोचायला हवं होतं.

आणि कार्सो गेला.

त्याच्यावरही माझा राग आहे, लपवत नाही. लेकीच्या खांद्याचं माप घेतलंस ना दोनदा? मग मरण्याआधी चार माणसांत एक वाक्य बोलायला काय झालं होतं? "वरचं वावर पोनीनं केलंय." एवढंच. पण तो चुलीकडे बघत गप्प बसला, आणि तसाच गेला.

शंभराव्या दिवसाचं जेवण झालं. पिवळ्या भाताची रास, कोंबडी, तळलेले तेंपे. पुरुष चटईवर गोल करून बसले, बायका स्वयंपाकघराच्या दारात. मी भिंतीला टेकून होते. नमाज पढवणारे पाक मोदिन गावातले सगळ्यांत मानाचे. त्यांनी हात पुसले आणि वाटणी काढली.

"रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले. "मुलाचा वाटा कावडीचा, मुलीचा झोळीचा. कावडीला टोपल्या दोन, झोळीला एक. घराचं नंतर बघू. वावराच्या पायऱ्या तीन आहेत. वरच्या दोन सुपार्मोच्या, खालची पोनिराची. काही अडचण?"

ऐकलंत? माझ्या नावानं! मला मधे घालून! तोवर मला वाटायचं मी ओझं वाहते. मला काय माहीत, मीच माप होऊन तिच्या डोक्यावर बसणार आहे!

पोनिरा दारातून पुढे आली. हात ओले होते, ते तिनं सारोंगाला पुसले.

"पाक, कावडीचा वाटा कावडवाल्याचा ना?"

"हो."

"मग ती माझ्या खांद्यावर होती."

चटईवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मग सुपार्मोला झोळी बांधा रे!" सुपार्मोचा चेहरा लालबुंद झाला.

"यू, माणसांत तमाशा कशाला?" तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्याकडे यू म्हणतात. "मी काय तुला उघड्यावर टाकतोय? पत्रे कोणी घातले घरावर?"

"पत्रे तू घातलेस. माती मी घातली. पत्रे तू घेऊन जा, हवं तर."

"रिवाज मी केला का? आणि मला पायऱ्या बटाट्याच्या व्यापाऱ्याला खंडानं द्यायच्यात, बोलणं झालंय."

म्हणजे आधीच बोलणं झालं होतं! बापाच्या जेवणाआधीच! पाक मोदिन खाकरले. "पोनी, रिवाज असा एकेकीसाठी बदलत नसतो, बाळ."

सुपार्मोला वाटलं जिंकलो. हसत हसत त्यानं मला उचललं आणि तिच्या हातात दिलं. "आणि ही कावड पण तूच घे, यू. मला काय करायचीय? झालं समाधान?"

पुन्हा सगळे हसले. पोनिरा हसली नाही, रडलीही नाही. मला घेऊन आत गेली आणि भांडी घासायला बसली. आदळआपट एवढी की म्हबा गिनुक म्हणाली, "अगं, ताटानं तुझं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर गेली. मला वाटलं खत घालायला. तिनं फावड्यानं काळी माती ओढली, दोन टोपल्या गच्च भरल्या, आणि खालच्या पायरीवर, स्वतःच्या वाट्यात, नेऊन ओतल्या. परत वर. परत खाली.

मग माझ्या ध्यानात आलं, आणि खरं सांगते, मी इतक्या जोरात कुईकुई वाजले की गाव जागं झालं असेल. वर न्यायला आयुष्य गेलं होतं. खाली आणायला असा कितीसा वेळ लागतो!

न्याहारीपर्यंत बातमी पसरली. पाक मोदिन काठी टेकत वर आले, धापा टाकत.

"पोनी! हे काय चालवलंयस?"

"माझी माती नेतेय."

"अगं, ती जागा सुपार्मोची."

"जागा त्याचीच आहे, पाक. मी एका दगडाला हात लावलेला नाही, मोजून घ्या. माती कुठून आली, कोणी आणली, तुम्ही पाहिलंय. आहे का तुमच्या रिवाजात मातीचं काही?"

पाक मोदिननी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. ओढ्याकडे बघितलं, तिच्या खांद्याकडे बघितलं. "मला आज दुसरं काम आहे," असं म्हणाले आणि उतरून गेले.

मग बायका आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. कुणाच्या घराला खांब लावायचा असला, कुणाचं लग्न असलं की आमच्याकडे सगळे हात लावायला येतात, तशाच त्या आल्या. पाठीवर टोपली, छातीशी झोळीची गाठ. म्हबा गिनुकसुद्धा आली, कमरेत वाकलेली, हातात चहाची किटली.

"झोळीला एकच टोपली म्हणालेत ना पाक?" ती म्हणाली. "चला गं, प्रत्येकीनं एकेकच न्या. रिवाज मोडायला नको!"

काय हसल्या त्या! प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी अशीच वाटणी झालेली. एकेक टोपली नेता नेता वरच्या दोन्ही पायऱ्या खरवडल्या गेल्या. खालून कार्सोचा तोच जुना खडक डोकं वर काढून बसला.

सुपार्मो व्यापाऱ्याला घेऊन आला तेव्हा बांधावर फक्त मी होते आणि पोनिरा. व्यापाऱ्यानं बुटाच्या टोकानं दगड वाजवून पाहिला.

"इथे बटाटा लावू की शेळ्या बांधू?" एवढं बोलून तो गाडीत जाऊन बसला. गाडी वळून गेली तरी सुपार्मो तिथेच उभा होता.

"यू, माती परत टाक."

"तुझी आहे ती?"

"यू, मी तुझा भाऊ आहे!"

"म्हणूनच इतकी वर्षं वाहिली. नाहीतर ओढ्यात ढकलली असती." पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "माझी शाळा गेली, माझा खांदा गेला, आणि तू माझ्याच कावडीवरून माझं हसं केलंस चार माणसांत. ही घे कावड. ओढ्यापाशी दरडीची माती अजून आहे. वाहशील तेवढी तुझी."

त्यानं मला हिसकावून घेतलं. ओढ्यावर जाऊन टोपल्या भरल्या, खांद्यावर घेतल्या आणि चढायला लागला. मी त्याच्या खांद्यावर बसेना. बसणार कशी? माझं पोट दुसऱ्या खांद्यासाठी तासलेलं. मी त्याला चावले, सोलला खांदा. मोडून पडायचंही मनात आलं होतं. पण मोडले असते तर त्याला निमित्त मिळालं असतं, म्हणून दात खाऊन टिकले. दुपारच्या अजानपर्यंत त्यानं फेऱ्या मारल्या. सगळी माती मिळून पायरीच्या एका कोपऱ्यात कोंबडी बसेल एवढी झाली.

तो खाली बसला. शर्ट खांद्याला चिकटला होता. बराच वेळ तो बहिणीच्या खांद्यावरच्या गाठीकडे बघत होता. जन्मात प्रथमच बघितली असावी.

"अर्धं अर्धं करू, यू," तो हळूच म्हणाला.

"ते त्या जेवणात, भात गरम होता तेव्हा बोलायचं होतंस."

तो उठला, मला बांधाला टेकवलं, आणि गेला.

तेव्हापासून मी इथेच आहे, मधल्या पायरीच्या बांधाला टेकलेली. माझ्या एका टोकाला चीर गेलीय. खालची पायरी बटाट्यानं नुसती फुगलीय. वरच्या दोन्हींवर तण. पोनिरा काम झालं की मला घरी नेत नाही. ओढ्यावरून शेवटची खेप आणते, दोन्ही टोपल्या भरलेल्या तशाच माझ्यापाशी ठेवते, आणि शहराकडच्या वाटेकडे एकदा बघून खाली उतरते. कशासाठी, ते ती बोलत नाही. बापावर गेलीय.

तर सुपार्मो, टोपल्या भरलेल्या आहेत. ये. खांदा सोलेल, फोड येतील, रडशील, काही मरत नाहीस. मी अजून लवते, अजून वाजते. दोन्ही पायऱ्या भर, आणि मग चटईवर बसून खुशाल म्हण, कावडभर वाटा माझा. तोवर, पोरा, माझं नाव तोंडात घ्यायचं नाही.