व्हर्लचे बावीस पॉइंट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. पांढरा, लांबट, वर उघडणाऱ्या झाकणाचा. एका कोपऱ्याला गंज चढला आहे आणि मोटार सुरू होताना हल्ली मला घसा खाकरावा लागतो. पंचवीस वर्षे मी व्हर्ल हॅडलॉकच्या गॅरेजमध्ये उभा आहे. समोरच्या खिडकीतून मला रॉकी पर्वताची एक धार दिसते, आणि त्या धारेपलीकडच्या एका पठारापायी माझे बरेचसे आयुष्य अर्धे रिकामे गेले. मला त्याचा राग होता. आता नाही. तो कसा गेला, तेच तुम्हांला सांगतो.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. पत्रा वाकवला, भिंतींत फेस भरला, तळाशी मोटार बसवली. शेवटी एका बाईने माझे झाकण तीनदा उघडून मिटून पाहिले आणि पाठीवर चिठ्ठी डकवली. तिथून मी दुकानात आलो. एका शनिवारी व्हर्ल आपल्या बायकोला, नॅडीनला, घेऊन तिथे आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला. तो तेव्हा हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवायचा. नॅडीन शाळेच्या भटारखान्यात होती.

"एवढा मोठा?" नॅडीन म्हणाली. "आत काय निजवणार आहेस, घोडा?"

"एल्क. क्वेकी पठारावरचा नर. सहा सहा फाट्यांची शिंगं असतात एकेकाला."

"टॅग लागलाय का तुला?"

"लागेल की."

"म्हणजे पाळण्याचा पत्ता नाही आणि बारशाचे पेढे वाटून झाले," असे काहीसे दुकानदार पुटपुटला, पण त्याने मला गाडीत चढवायला हात मात्र लावला.

आमच्याकडे एल्क मारायचा तर टॅग, म्हणजे सरकारी परवान्याची चिठ्ठी, लागतो. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा. एक टॅग, एक जनावर. चांगल्या जागेचे टॅग मूठभर आणि मागणारे ढीगभर, म्हणून राज्याचे शिकार खाते दर वर्षी सोडत काढते. ज्याचा नंबर लागत नाही, त्याला थोडी फी भरली की एक पॉइंट मिळतो. ज्याचे पॉइंट जास्त, तो पुढच्या वर्षी रांगेत पुढे. पण अर्जात पहिल्या पसंतीचा जो रकाना असतो, त्यातला टॅग तुम्हांला मिळाला, मग तो कुठलाही असो, की तुमचे सगळे पॉइंट पुसले जातात. पुन्हा शून्यापासून सुरुवात. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे झाले.

व्हर्लने पहिला पॉइंट घेतला तेव्हा पठाराचा टॅग नऊ पॉइंटांना मिळत होता. नऊ वर्षे काय, चुटकीसरशी जातील, असे त्याला वाटले आणि मलाही. पण त्याचे नऊ झाले तोवर पठाराला तेरा लागू लागले. तेरा झाले, तर अठरा. रांगेतले सगळेच दर वर्षी फी भरून पॉइंट घेत होते. सगळेच एक पाऊल पुढे टाकत होते, त्यामुळे कोणाचाच नंबर जवळ येत नव्हता.

दर वसंतात व्हर्ल आपली कॉफी घेऊन यायचा, माझ्या झाकणावर नकाशा पसरायचा, अर्ज भरायचा आणि शीळ घालत टपालपेटीत टाकून यायचा. ती दुपार त्याची वर्षातली सगळ्यात लाडकी. कुठे तंबू ठोकायचा, कुठून वर चढायचे, कुठल्या पाणवठ्याशी बसायचे, हे त्याचे सगळे ठरलेले होते. खोटे कशाला बोलू, मलाही त्या दुपारी आवडायच्या.

पण पोटात काय होते माझ्या? मक्याची कणसे. पीच फळांच्या फोडी. ओढ्यातले चार मासे, डोक्यासकट. नॅडीन शाळेतून आणायची ते दालचिनीचे रोल, जे आमच्याकडे मुले तिखट घेवड्याच्या रश्श्याबरोबर खातात. तेही बरेच होते. पण माझी उजवी बाजू व्हर्लने नरासाठी राखून ठेवली होती. तिथे काही ठेवलेले त्याला चालायचे नाही.

आणि मग एल्डन. हा नॅडीनचा धाकटा भाऊ. त्याने जन्मात पॉइंटावर एक डॉलर खर्च केला नाही. खालच्या खोऱ्यात मादीचा साधा टॅग कोणालाही मिळतो, तो घ्यायचा आणि ऑक्टोबरात दोन दिवसांत काम उरकून यायचे. मग जास्तीच्या मांसाची दोन पुडकी घेऊन तो आमच्याकडे उभा!

"घे रे म्हाताऱ्या. तुझ्या पठारावरचा राजा येईपर्यंत माझ्या म्हातारीवर भागव."

व्हर्ल हसायचा आणि घ्यायचा. मी मात्र मोटार बंद पडेल इतका संतापायचो. परक्याच्या शिकारीवर जगणारा फ्रीझर! तुम्हीच सांगा, कशी लाज वाटली असेल.

असे करता करता व्हर्लचे बावीस पॉइंट झाले. आणि मागच्या वर्षी पठाराचा शेवटचा टॅग बावीस पॉइंटवाल्याला मिळाल्याची बातमी आली. म्हणजे यंदा त्याचा नंबर जवळजवळ लागल्यातच जमा होता. त्याच सुमारास डॉक्टरने त्याचे दोन्ही गुडघे तपासले आणि सांगितले, की येत्या हिवाळ्यात दोन्ही बदलावे लागतील. पुढे घोड्यावर बसता येईल की नाही, शब्द देता येणार नाही. पठारावर तर घोड्यावरूनच जावे लागते, म्हणजे हा एकच हंगाम हातात होता. व्हर्ल एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने माझी उजवी बाजू ओल्या फडक्याने पुसून काढली.

मग एक दिवस नॅडीन मक्याची पिशवी काढायला आली आणि झाकण उघडे ठेवूनच म्हणाली, "मी शिकारीचा वर्ग लावलाय."

"कशाला?" व्हर्लने विचारले.

"पोहायला. अरे, शिकारीच्या वर्गात काय शिकवतात?"

"तू? तू तर माझ्या पॉइंटांना बावीस वर्षं हसतेयस."

"पॉइंटांना हसले. शिकारीला कधी हसले? शाळेतून निवृत्त झाले, आता घरात बसून भिंती मोजू का? आणि झाकण लाव, मका वितळतोय."

झाकण तिनेच उघडे ठेवले होते, पण ते जाऊ द्या.

शिकारीचा परवाना मिळवायला आमच्याकडे हा वर्ग सगळ्यांनाच करावा लागतो. एरवी तिथे अकरा-बारा वर्षांची पोरे असतात. त्यांच्यामध्ये चौसष्ट वर्षांची नॅडीन वही-पेन्सिल घेऊन बसली. निम्म्या पोरांना तिने शाळेत जेवू घातलेले होते. "मिसेस हॅडलॉक, तुम्हांला पण गृहपाठ?" असे विचारून त्यांनी तिला बेजार केले. परीक्षेत तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. पुढच्या बाकावरच्या मुलीला एकोणपन्नास मिळाले, याचे दुःख ती महिनाभर करत होती.

"माझा अर्ज तूच भर," तिने व्हर्लला सांगितले. "ती पुस्तिका वाचून माझं डोकं उठतं. तू तुझं पठार टाक. मला खोऱ्यातली मादी पुरे. एल्डन येईल माझ्याबरोबर."

"एल्डन?"

"नाहीतर कोण? दोन्हीकडचे दिवस तेच आहेत. तू तर वर असशील."

मार्चअखेरची दुपार होती. नॅडीन किराणा आणायला गेली होती. व्हर्लने माझ्या झाकणावर पुस्तिका उघडली. चष्मा लावला, काढला, शर्टाने पुसला, परत लावला. मग वाचत बसला. दोघांनी मिळून एकच अर्ज केला, तर खाते कमी पॉइंटवाल्याचा आकडा धरते. नॅडीनचे शून्य. म्हणजे तिच्याबरोबर पठार शक्य नाही. खोऱ्याचा टॅग दुसऱ्या पसंतीच्या रकान्यात लिहिला, तर व्हर्लचे पॉइंट सुरक्षित राहिले असते. पण खोऱ्याचे टॅग बहुतेक वेळा पहिल्या पसंतीतच संपतात. दोघांना एकत्र नक्की जायचे, तर एकच वाट होती. खोरे, दोघांचे, पहिल्या रकान्यात.

त्याने आधी दुसऱ्या रकान्यात खोऱ्याच्या टॅगचा आकडा लिहिला. मग बराच वेळ खिडकीबाहेर त्या धारेकडे पाहिले. कॉफी गार झाली. मग त्याने खोडरबर घेतले, आकडा पुसला, रबराचा चुरा माझ्यावरून फुंकला, आणि तोच आकडा पहिल्या रकान्यात लिहिला. एकदा त्याच्या नावापुढे, एकदा नॅडीनच्या.

मी हे पाहिले, मित्रांनो. माझ्याशिवाय कोणीच पाहिले नाही.

जूनमध्ये दोन पाकिटे आली. ती उघडली तेव्हा एल्डन गॅरेजमध्येच होता. व्हर्लचा टॅग त्याने हातात घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि खाली बादलीवर बसला.

"खोऱ्यातली मादी? पहिल्या पसंतीत?"

"हं."

"अरे देवा! बावीस पॉइंट टाकून मादीचा टॅग घेतलास? जो शून्याला मिळतो तो?"

"चुकून झालं. चष्मा नव्हता लावला."

एल्डनची हसून हसून पुरेवाट झाली. मग गाव हसले. कॅफेत व्हर्ल शिरला की कोणी तरी ओरडायचे, "याला मेनू वाचून दाखवा रे, पहिल्या रकान्यात भलतंच मागवेल!" व्हर्ल टोपी वर करून सगळ्यांना नमस्कार करायचा. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, की चष्मा होता, शर्टाने पुसलेला होता! पण माझ्या तोंडातून घरघरीशिवाय काही निघत नाही.

हसली नाही ती एक नॅडीन. ती गॅरेजमध्ये आली, माझ्या उजव्या बाजूच्या रिकाम्या तळाकडे पाहत उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "माझा अर्ज नसता, तर तुझी चूक झाली नसती," ती म्हणाली. व्हर्ल म्हणाला, "चल, वाळूच्या खाणीवर जाऊ. तुला नेम शिकवायचाय." त्या उन्हाळ्यात ते दोघे दर संध्याकाळी खाणीवर गेले. ती जुन्या डब्यांवर नेम धरायची आणि तो मागे खुर्ची टाकून बसायचा. परत येताना दोघांचे भांडण फाटकापासूनच ऐकू यायचे. ऑगस्टपर्यंत भांडण फक्त डबा कोणी उचलायचा यावर उरले.

ऑक्टोबरात ती दोघे शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटे चढवून निघाली. पहिल्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी उगाच जोरजोरात घरघरत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी मागे मागे येत गॅरेजच्या दाराशी लागली. हॉर्न वाजतच होता, आणि वाजवत होती नॅडीन.

झालेले सगळे मी त्यांच्या तोंडूनच ऐकले. दोघे एकदम बोलत होती, त्यामुळे जुळवायला वेळ लागला. सकाळी व्हर्लचा गुडघा अडकला, म्हणून ती दोघे एका झुडपाआड बसून सँडविच खात होती. तेवढ्यात सात माद्या खालून चढत समोर आल्या. व्हर्लच्या तोंडात घास, त्याला बोलता येईना. नॅडीनने सँडविच बर्फावर ठेवले, बंदूक उचलली, श्वास सोडला आणि एकच गोळी झाडली. मग ती जनावराजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली, त्याच्या मानेवर हात ठेवून रडली आणि "थँक यू" म्हणाली. व्हर्लही रडला. गुडघा दुखत होता म्हणून, असे तो सांगतो. त्याचा स्वतःचा टॅग कोराच राहिला.

दोन दिवस गॅरेजमध्ये नुसती धांदल होती. टेबलावर मांस कापायचे, पांढऱ्या कागदात दोन घड्या घालून गुंडाळायचे, चिकटपट्टी लावायची, काळ्या पेनने लिहायचे. व्हर्लने प्रत्येक पुडक्यावर "नॅडीनची एल्क" असे लिहिले, जणू दुसऱ्या कोणाची होती. पुडकी माझ्या उजव्या बाजूला रचली जाऊ लागली. तळ भरला. मग दुसरा थर, तिसरा. त्या वर्षी एल्डनच्या हाती काहीच लागले नव्हते. तो शनिवारी रिकामा डबा घेऊन आला आणि पहिल्यांदाच दाराशी टोपी काढून उभा राहिला. नॅडीनने त्याला आठ पुडकी दिली.

तो गेल्यावर नॅडीनने हातातला कागद खाली ठेवला.

"व्हर्ल, एकदाच विचारते. तुला पुस्तिका तोंडपाठ आहे. ती खरंच चूक होती?"

व्हर्लने पेनचे टोपण लावले. "चूक झाली होती. पण ती अर्ज भरताना नाही."

"मग?"

"बावीस वर्षं नुसती पठाराची स्वप्नं बघितली. एकदाही तुला म्हटलं नाही, 'येतेस का गं बरोबर?'"

नॅडीनने त्याच्या हातातले पेन काढून घेतले. मग म्हणाली, "विचारलं असतंस, तर मी नाहीच म्हटलं असतं."

"ते मला माहीत होतं."

दोघे इतके हसले, की नॅडीनला टेकायला काहीतरी हवे म्हणून ती माझ्या झाकणावर वाकली. झाकण लागेना. मी काठोकाठ भरलो होतो.

आता व्हर्लचे दोन्ही गुडघे नवे आहेत. वसंतात अर्ज भरायला दोघे येतात आणि पहिल्या रकान्यात पुन्हा पठारच लिहितात, कारण त्या माणसाची खोड जाणार नाही. दुसऱ्या रकान्यात खोरे. मिळाले तर जातात, नाही मिळाले तर पुडक्यांसाठी एल्डनच्या मागे लागतात. दोघांचे मिळून सहा पॉइंट झाले आहेत. "पठाराचा नंबर लागेल तेव्हा तू नव्वदीचा असशील," नॅडीन म्हणते. "मग घोडा तू हाक," तो म्हणतो.

मित्रांनो, पॉइंटांवर पैसे घालावेत की नाही, असे मला कोणी विचारले तर मी काय सांगणार? त्या दुपारच्या नकाशांना मोल होते, हे मी नाकारत नाही. पण पॉइंट कागदावर वाढतात, तेवढ्या काळात गुडघे झिजतात, आणि पॉइंट घालून गुडघे परत मिळत नाहीत. माझे मागणे फार मोठे नाही. माझ्या भिंतींवर साचलेला बर्फ वर्षातून दोनदा काढा. झाकणाचे रबर पुसत जा. आणि ज्याची वाट पाहायची, त्याची खुशाल पाहा. पण तोवर मला भरत राहा.