तोंड समुद्राकडे

मासळी बंदराच्या धक्क्याला पांढरं क्रूझ जहाज लागलं, की ताईचे हात माशांवर चालायचे आणि डोळे जहाजावर. एवढ्या हजारो माणसांचा स्वयंपाक कुठे करत असतील? खरकटं कुठे टाकत असतील? धाकटा भाऊ खेकसायचा, "नसत्या चौकशा तुझ्या! हात चालव." भाऊ मासळीचा व्यापारी आणि ताई त्याच्याकडे मासे निवडून ट्रेमध्ये लावणारी.

तिची लावण्याची रीत अख्ख्या बंदराला पाठ होती. आजच्या माशांची तोंडं समुद्राकडे, कालच्या, बर्फात ठेवलेल्या माशांची जमिनीकडे. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. ट्रे बघूनच भाव ठरायचा. पंचवीस वर्षांत तिने एकही मासा चुकीच्या बाजूला लावला नव्हता आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता.

त्या सकाळी जहाजाचा मुख्य आचारी स्वतःच खाली उतरला. माल पसंत पडला तर दर खेपेला इथूनच नेणार, ही बातमी त्याच्याआधी पोहोचली होती. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, तोही मासळीच्या धंद्यात!

आचाऱ्याने ट्रेंवरून नजर फिरवली आणि जमिनीकडे तोंडं असलेल्या रांगेकडे बोट दाखवलं. "हे सगळे द्या. आजच्या भावाने."

भावाचा आनंद गगनात मावेना. ताई मात्र चक्रावली. या माणसाने माशाचा कल्ला उचलून आतला रंग बघितला नाही, अंगठ्याने दाबलं नाही, वासही घेतला नाही. बोटांवर तर सुरीचे जुने वण. म्हणजे नवशिका नव्हे. मग कालचा माल इतक्या खात्रीने का उचलतोय?

भावाने डोळे वटारले. पण ताईच्या पोटात प्रश्न कुठला राहतोय!

"दादा, हेच का निवडले?"

"यांची तोंडं जमिनीकडे आहेत ना," आचारी म्हणाला. "माझी आई मासेच निवडायची. आमच्या बंदरात ताजा मासा घराकडे बघतो, शिळा समुद्राकडे. तोंड दिसलं की हात लावायचं कारण नाही."

ताईला हसू फुटलं आणि लगेच विरलं. या परक्या माणसाने तिच्या हातांवर डोळे मिटून विश्वास टाकला होता.

"आमच्याकडे बरोब्बर उलटं आहे," ती म्हणाली. "हा कालचा माल. आजचे ते, पलीकडचे दोनच ट्रे."

आता मात्र आचाऱ्याने अंगठ्याने दाबून बघितलं, मान डोलावली आणि दोनच ट्रे घेतले.

भाऊ लालबुंद झाला. "सख्खी बहीण आणि माझ्याच पोटावर पाय! उद्यापासून माझ्या मालाला हात लावायचा नाही."

ताईने एप्रन सोडून खोक्यावर टाकला. तिला रडू येत होतं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

हातगाडीवर ट्रे चढवून आचारी वळला. "पुढच्या शुक्रवारी साठ ट्रे लागतील, सगळा ताजा माल. लावणार कोण?"

"मी आहे ना," भाऊ म्हणाला.

"मग मला एकेक मासा दाबून बघावा लागेल. तेवढा वेळ जहाज थांबत नाही."

भावाने खोक्याकडे बघितलं. मग त्याने एप्रन उचलला, झटकला आणि ताईपुढे धरला.

"ताई, सुटलाय तुझा. बांध नीट."

ताईने त्याच्याकडे पाठ केली.

"माझे हात ओले आहेत," ती म्हणाली. "तूच बांध."